चौरे अक्कांचा एकच प्रश्न

चौरे अक्कांच्या दाराची बेल वाजवली की आधी आतून आवाज यायचा, "कोण?" आपण नाव सांगायचं. मग बराच वेळ काहीच नाही. चहाचं आधण गॅसवर ठेवून मी वाटीभर साखर मागायला गेलेली असायचे आणि इकडे आधण आटून जायचं. मग कुलूप उघडल्याचा आवाज, मग वरची खिटी, मग कडी, आणि दारात अक्का. केस विंचरलेले, टिकली जागच्या जागी, अंगावर इस्त्रीची साडी. दारात शेजारीण उभी असली तरी थाट असा, की शाळा तपासायला साहेब आलेत.

सुरुवातीला मला राग यायचा. घरी येऊन मी बडबडायचे, साखर मागितली की मुलगी मागितली, एवढं नटायला काय झालं. प्रांजलचे पप्पा म्हणायचे, तू बरणीत साखर शिल्लक ठेवत जा, म्हणजे प्रश्न मिटला. त्यांचं आपलं नेहमीचंच.

धुळ्याला देवपुरात आमच्या समोरच्या घरात अक्का राहायच्या. शाळेत मास्तरीण होत्या, नंतर निवृत्त झाल्या. माहेर पिंपळनेरकडच्या एका पाड्यावरचं, कोकणा आदिवासी समाजातलं. चौरे सरही शिक्षकच, ते आम्ही इथे राहायला येण्याआधीच गेले. मूलबाळ नाही. गावी एक भाचा होता, तो सणावाराला येऊन न्यायचा आणि आणून सोडायचा.

एवढी भित्री बाई मी दुसरी पाहिली नाही. बाहेर निघाल्या की कुलूप ओढून बघायच्या, फाटकापर्यंत जायच्या, परत येऊन ओढायच्या. पिंपळनेरची बस दुपारची असली तरी सकाळीच स्टँडवर जाऊन बसायच्या. गल्लीत सरकारी पाटीची जीप थांबली की त्यांच्या खिडकीचा पडदा सरकलाच. एकदा पोस्टमननं रजिस्टर आणलं तर सही करायच्या आधी त्या पायरीवरच बसल्या. आत काय होतं, तर पेन्शनचं काहीतरी. गल्लीतले लोक हसायचे, भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणायचे. प्रांजलचे पप्पा तर तोंडावर म्हणायचे, "अक्का, ओढून ओढून कडीच निघेल एक दिवस."

अक्का शांतपणे म्हणायच्या, "निघू द्या. ओढलं होतं, एवढं तर सांगता येईल."

अशा बाईनं माझ्या लेकीला मुलाखतीसाठी तयार केलं, असं मी सांगते तेव्हा लोकांना खरं वाटत नाही.

प्रांजल माझी एकुलती एक. इथेच एका दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरीला होती. जळगावचं स्थळ आलं. मुलगा तुषार, अमेरिकेत स्थिरावलेला, तिथलं नागरिकत्व घेतलेला. सुट्टीवर आला होता, म्हणून बघणं, बैठक, साखरपुडा, हळद, लग्न, सगळं त्याच्या एका सुट्टीत उरकलं. आपल्याकडे अशी लग्नं पायलीला पन्नास होतात, कुणाला काही वाटत नाही. पण बायकोला तिकडे न्यायचं तर मुंबईला अमेरिकेच्या व्हिसा ऑफिसात तिची मुलाखत होते. तिथल्या साहेबाला एकच ठरवायचं असतं, की हे लग्न खरं आहे, की नुसतं तिकडे जायला मांडलेला खेळ. असले खेळ करणारे लोकही आहेत म्हणे. करून जातात ते, आणि भोगतात खरी लग्नं झालेले.

व्याह्यांनी जळगावचा एक एजंट गाठला. त्यानं छापील प्रश्नोत्तरं दिली. प्रांजल शाळेपासून पाठांतराची पोरगी, तिनं ती घडाघडा पाठ केली. पहिल्या भेटीत काय बोललात? तर, आम्ही एकमेकांच्या आवडीनिवडी जाणून घेतल्या आणि आमचे विचार जुळले. आता खरं काय झालं होतं? जावईबापूंनी कितीतरी वर्षांनी आमच्याकडची शेवभाजी खाल्ली. तिखटानं नाकातोंडातून पाणी. दोघांना बोलायला गच्चीवर पाठवलं तर बिचारा उचक्याच देत होता. प्रांजल खाली आली, गुळाचा खडा घेऊन वर गेली. विचार जुळायला उचकी तर थांबली पाहिजे.

त्याच एजंटनं आणखी एक शिकवलं. सासरी राहते असंच सांगा, माहेरी राहते म्हटलं की त्यांना संशय येतो. ती राहत होती आमच्याकडे, धुळ्याला. आणि ते विहिणीच्याच सांगण्यावरून. विहीणबाई सरळ मनाच्या. म्हणाल्या होत्या, "पोरगा नाही इथं, तू काय भिंती बघत बसशील. आईकडे राहा, नोकरी सोडू नको, सणावाराला येत जा." प्रांजल तशी जात होती.

मुलाखतीत साहेबानं विचारलं, कुठे राहता? सासरी, जळगावला. नोकरी कुठे? धुळ्याला. मग कसं जमवता? प्रांजल म्हणाली, रोज बसनं जाते. सकाळी पहिली बस किती वाजता असते? झालं. पोरीला वेळच सांगता येईना. जिनं कधी खोटं बोलून पाहिलं नाही, तिला ते निभावता तरी कसं येणार. साहेबानं हातात एक चिठ्ठी दिली. निर्णय आत्ता नाही, आणखी चौकशी करू, पुन्हा बोलावू.

मग तो एजंट सांगतो, खोटं बोलल्याचा शिक्का एकदा बसला की दार कायमचं बंद होऊ शकतं. आधी सांगायला काय झालं होतं मेल्याला.

प्रांजल मुंबईहून आली ती भिंतीकडे तोंड करून झोपली. जेवेना, लॅबमध्ये जाईना. रात्री अमेरिकेतून तुषारचा व्हिडिओ कॉल यायचा, तर दोघं नुसती एकमेकांकडे बघत बसायची. लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं, आणि आता पोरगी ना इकडची ना तिकडची होऊन बसते की काय, या विचारानं माझ्या हातून भाकरी करपायला लागल्या. मी अक्कांना सांगायला गेले नव्हते. त्याच आल्या. इस्त्रीची साडी, पायात चपला. पलंगाच्या कडेला बसल्या आणि म्हणाल्या, "काय काय बोललीस तिथं? सांग मला, जसंच्या तसं."

प्रांजलनं भिंतीकडे तोंड करूनच म्हणून दाखवलं. आवडीनिवडी, विचार, सगळं.

अक्कांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे कुणाचं?"

"म्हणजे?"

"हे बोलणं कुणाचं आहे, बेटा? तुझं तर नाही हे."

त्या दिवसापासून अक्का रोज संध्याकाळी यायला लागल्या. मला वाटलं, मास्तरीणबाई आहेत, समोर बसवून प्रश्न विचारतील, छडी तेवढी नसेल. तसलं काही नाही. थंडीचे दिवस होते, बाजारात तुरीच्या शेंगा आलेल्या. त्या शेंगांची पिशवी घेऊन यायच्या, परातीत ओतायच्या, आणि दोघी सोलत बसायच्या. गप्पा चालायच्या लॅबच्या, बाजारभावाच्या, नाही तर कुणाच्या लग्नाच्या. मध्येच विचारायच्या, "तुषारराव झोपेत घोरतात का गं?" प्रांजल लाजायची. "नाही." "हे कुणाचं?" मग हळूच, "घोरतात. मी पहिल्या रात्री उठून पंखा बंद केला, तर आवाज पंख्याचा नव्हता." मी ओट्याशी उभी, हसू दाबता दाबता मला ठसका लागला. अक्का नाही हसल्या. नुसतं म्हणाल्या, "हां. हे तुझं."

गुळगुळीत उत्तर आलं की त्यांचा तोच प्रश्न, "हे कुणाचं?" आवाज चढवायच्या नाहीत, चूक काढायच्या नाहीत. हातातली शेंग मात्र सोलायची थांबायची. आमच्या घरात त्या प्रश्नाचा इतका धाक बसला की टीव्हीवर कुणी पुढारी भाषण करायला लागला तरी प्रांजलचे पप्पा म्हणायचे, हे कुणाचं?

मी एकदा विचारलं, "अक्का, तुम्हाला ही विद्या कुठून आली?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. इतकी वर्षं समोर राहून मला माहीत नव्हतं.

"नोकरी लागली आणि माझी जातपडताळणी निघाली," अक्का म्हणाल्या. "तुम्ही खरंच त्या जमातीच्या आहात का, ते दाखवा. कागद दिले. नुसत्या कागदावर भागत नाही, चालीरीती सांगा. मी आधीच घाबरट. विचार केला, मी सांगेन आणि चुकेल. म्हणून लायब्ररीतून आमच्याच लोकांवरचं पुस्तक आणलं आणि पाठ केलं."

"तुमच्याच घरच्या चालीरीती, पुस्तकातून?" प्रांजलनं विचारलं.

"हो ना. त्यांनी विचारलं, डोंगऱ्यादेवाला काय देता? मी म्हटलं, बोकड. पुस्तकात होतं तसं. आमच्या घरी बापानं माळ घातलेली. मी जन्मले त्याच्या आधीपासून आमच्याकडे देवाला नारळ. पण नारळ सांगितला तर त्यांना खरं वाटायचं नाही, असं मला वाटलं. मग त्यांनी चौकशीला माणूस गावी पाठवला. जीप बघितली आणि माझी आई घरामागच्या तुरीत जाऊन बसली. त्यानं हाक मारली तर तुरीतूनच ओरडली, 'घरमा कोनी नही शे.'"

आम्ही दोघी हसलो. अक्कांनीही हसून घेतलं, मग पदरानं तोंड पुसलं.

"काका ओट्यावर बसलेला होता. त्याला विचारलं, बोकड कोण कापतं? तो म्हणाला, आमच्या घरात मटणाला कुणी शिवत नाही. मी खरी, माझा काका खरा, आणि दोघांचं मिळून खोटं ठरलं."

"मग?" मी विचारलं.

"मग पुन्हा बोलावलं. तिथं उभं राहून म्हणावं लागलं, मागच्या वेळी सांगितलं ते पुस्तकातलं होतं, आमच्या घरचं नव्हतं. वहिनी, ते एक वाक्य बोलताना माझा जीव गेला. ते म्हटल्यावर सोडतील की धरतील, कुणाला माहीत? नोकरी जाईल, सगळे म्हणतील खोटी बाई. पण म्हटलं. मग बापाची माळ सांगितली, नारळ सांगितला, आणि आजी बापाच्या चोरून देवापुढे अंडं ठेवायची, तेही निघून गेलं तोंडातून. तिथं एक म्हातारे गृहस्थ होते, ते एकदम हसले. म्हणाले, बसा बाई."

निकाल यायला पुढेही वर्षं गेली. ती वर्षं त्यांनी कशी काढली ते त्या बोलल्या नाहीत. दाराचं मात्र सांगितलं.

"बेल वाजली की मी आधी नीट होते. आई पळाली तशी मी पळणार नाही, असं ठरवलंय. पण पळावंसं वाटतं हो. अजून वाटतं."

मी साखरेच्या वाटीवरून किती बोलले होते ते मला आठवलं. मी उठून चहा ठेवला.

यानंतर आमचं वाजलं ते बसवरून. अक्कांचं म्हणणं, पुन्हा बोलावतील तेव्हा पहिल्याच वाक्याला सांगून टाक, की मागे चुकीचं बोलले, मी आईकडे राहते. माझं म्हणणं, आता बोललोय ते बोललोय, तेच रेटायचं. स्वतःच्या तोंडानं कबूल करणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. मी प्रांजलच्या पप्पांना स्टँडवर पिटाळलं, ते जळगावच्या सगळ्या बसगाड्यांच्या वेळा कागदावर उतरवून घेऊन आले. मी प्रांजलला म्हटलं, कर पाठ. अक्का परात घेऊन बसल्या होत्या. त्यांनी कागद उचलला, चष्मा लावून बघितला, आणि प्रांजलच्या पप्पांना विचारलं, "भाऊ, हे कुणाचं?"

"एसटीचं," ते म्हणाले.

मी चिडले. मी म्हटलं, "अक्का, तुमची नोकरी होती. ही माझी पोरगी आहे. खोटी ठरली तर तिचा संसार सुरू व्हायच्या आधी मोडेल. तुम्हाला काय जातंय?"

बोलून गेले आणि जीभ चावली. अक्का उठल्या. परात तशीच ठेवून गेल्या. कुलपाचा, खिटीचा, कडीचा आवाज आला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी दाराकडे बघत बसले. येतील की नाही? आल्या. शेंगा घेऊन आल्या. म्हणाल्या, "वहिनी, मलाही तेवढीच भीती वाटते. पण ती बसमध्ये कधी बसलीच नाही, तर तिला बस सांगता कशी येईल?" कागद प्रांजलनंच फाडला.

त्याच संध्याकाळची गोष्ट. अक्कांनी विचारलं, "लग्न झालं म्हणजे तुझं काय झालं गं?"

प्रांजलनं सुरू केलं, "दोन कुटुंबं एकत्र आली..."

"हे कुणाचं?"

ती थांबली. हातातली शेंग सोलून संपवली. मग म्हणाली, "आईनं माझी मूठ घेतली नाही."

ज्यांना आमच्याकडचं माहीत नाही त्यांना सांगते. श्रावणात आमच्या खान्देशात कानबाई बसते. नारळाची देवी मांडतात, तिला नथ, दागिने घालतात, आणि नैवेद्याला रोट करतात. त्या रोटासाठी घरातल्या माणसांच्या हिशेबानं गहू घ्यायचा, आमच्यात माणसामागे सव्वा मूठ. हा रोट फक्त घरच्यांनी, भाऊबंदांनी खायचा. बाहेर द्यायचा नाही, टाकायचा तर नाहीच, पौर्णिमेच्या आत संपवायचा. आणि लेक लग्न होऊन गेली की आमच्यात माहेरचा रोट तिला चालत नाही. ती दुसऱ्या घरची झाली. अक्का दरवर्षी मला चिडवायच्या, "इतकी वर्षं समोर राहते, तुमचा रोट काही चाखायला मिळाला नाही." मी म्हणायचे, "पुरणाची पोळी नेते ना तुम्हाला."

लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात मी गहू घ्यायला बसले आणि सवयीनं प्रांजलची मूठ भरली. मग परत डब्यात सोडली. ती मागे उभी होती, हे मला माहीत नव्हतं.

"मी बघितलं," प्रांजल अक्कांना सांगत होती. "मला इतका राग आला आईचा. मग मी जळगावला गेले. तिथं सासूबाईंनी माझी मूठ घेतली. तुषारची पण घेतली, तो नसताना. मग त्याच्या वाटचा रोट कोण खाणार? मलाच दिला. दोन दिवस तोच खात होते. शेवटी शेवटी तर कंटाळा आला, पण टाकता येत नाही ना."

मी गॅसकडे तोंड करून उभी होते. मला रडायला येत होतं आणि ते त्या दोघींना दिसू द्यायचं नव्हतं.

अक्का म्हणाल्या, "हे तुझं. पण हे तिथं मुद्दाम सांगायला जाऊ नकोस हं. पाठ केलंस की तेही पुस्तकातलं होईल. आलं तर येऊ दे."

पुन्हा बोलावणं आलं. मी अक्कांना म्हटलं, तुम्ही चला. त्यांचा चेहरा पांढरा पडला. असल्या ऑफिसच्या वाऱ्यालाही त्या इतक्या वर्षांत उभ्या राहिल्या नव्हत्या. रात्रभर विचार करून सकाळी म्हणाल्या, येते. गाडीत पाणीही प्यायल्या नाहीत.

मुंबईला त्या ऑफिसात आपल्यासारख्यांना सोडत नाहीत, दारातही उभं राहू देत नाहीत. प्रांजलचा मोबाइल, पर्स, सगळं आमच्याकडे. तिच्या हातात फक्त कागद आणि पासपोर्ट. जाताना तिनं माझ्याकडे बघितलं तेव्हा मला वाटलं, हिला आत्ता घेऊन घरी जावं, नको तो व्हिसा. तिची बोटं थंडगार होती. अक्कांनी तिला काही सांगितलं नाही, डोक्यावर हात ठेवला नाही. तिच्या ओढणीला पिन लावून दिली.

आम्ही रस्त्याच्या पलीकडे एका झाडाखाली उभ्या राहिलो. आतून लोक येत होते. एक मुलगा हसत आला. एक बाई आली ती सरळ फूटपाथवर बसली, तिचा नवरा फोनवर कुणाला तरी ओरडत होता. माझ्या मनात वाईटसाईट सुरू झालं. जळगावला काय सांगायचं, गल्लीत काय सांगायचं, पोरीचं पुढे काय. कानबाईला मी काय काय बोलले ते तिलाच माहीत. अक्कांनी माझा हात धरला होता. मला धीर द्यायला धरला असं मला वाटलं. समोरून पोलिसांची गाडी गेली तेव्हा त्यांची नखं माझ्या तळव्यात रुतली. मी म्हटलं, "अक्का, बसता का कुठे?" त्या म्हणाल्या, "नाही. बसले तर पळून जाईन."

प्रांजल बाहेर आली. चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नाही. मी तिच्या हातांकडे बघितलं. कागद होते, पासपोर्ट नव्हता.

"पासपोर्ट कुठाय?"

"ठेवून घेतला त्यांनी."

जप्त केला, मी म्हटलं, संपलं सगळं. अक्कांनी झाडाला हात टेकला. प्रांजल आमच्या दोघींकडे बघत राहिली, मग तिच्या ध्यानात आलं. "अगं आई, ठेवून घेतला म्हणजे मिळाला. व्हिसा चिकटवून देतात त्यात."

हे आधी कुणी सांगितलं नव्हतं आम्हाला. त्या एजंटच्या छापील कागदात एवढं एक सोडून सगळं होतं.

आत काय झालं ते तिनं गाडीत सांगितलं. पहिल्याच वाक्याला ती म्हणाली होती, की मागच्या वेळी मी चुकीचं सांगितलं, मी सासरी नाही, आईकडे राहते, घाबरून बोलले. साहेब बराच वेळ पडद्यावर बघत बसला. मग त्यानं विचारलं, तुम्ही त्यांच्या घरी राहत नाही, नवरा इकडे नाही, मग तुम्ही त्या घरच्या आहात असं मी कशावरून समजायचं? आणि मग तिच्या तोंडून रोट निघाला. मराठीतून इंग्रजीत सांगायला एक बाई होती, तिला ते सांगता सांगता पुरेवाट झाली. साहेबानं विचारलं, नवऱ्याच्या वाटचा तुम्ही खाल्ला? ही म्हणाली, हो, आणि मला कंटाळा आला होता. तेव्हा तो पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघून हसला. आणखी थोडं काहीबाही विचारलं आणि पासपोर्ट ठेवून घेतला.

अक्का खिडकीकडे तोंड करून ऐकत होत्या. "कंटाळा आला, असं म्हणालीस?" त्यांनी विचारलं.

"हो. तेच आलं तोंडात."

नाशिक येईपर्यंत अक्का झोपल्या. त्यांना गाडीत झोपलेलं मी पहिल्यांदाच बघितलं.

मग घरात लगीनघाईच सुरू झाली. बॅगा, मसाले, पापड, भाकरीसाठी कळण्याचं पीठ. गल्लीतले लोक येऊन पेढे खाऊन गेले. मी सगळ्यांना एकच सांगत होते. सोन्यासारखं झालं. लेक सुखी तर आपण सुखी. आता व्हिडिओ कॉल असतो, लांब काय वाटतं, जळगावला असली काय आणि अमेरिकेत असली काय. इतक्यांदा सांगितलं की माझं मलाच ते पाठ झालं.

निघायच्या दिवशी गाडीत जळगावचे व्याही-विहीण, प्रांजलचे पप्पा आणि बॅगा. मला जागा होती, पण मी गेले नाही. विमानतळावर माझ्यानं बघवलं नसतं. गल्ली सगळी निरोपाला उभी होती, अक्का तेवढ्या दिसल्या नाहीत. त्यांच्या खिडकीचा पडदा मात्र हलला. गाडी वळली, लोक पांगले, मी ओट्यावर बसून राहिले.

तेवढ्यात अक्का आल्या. जवळजवळ धावतच आल्या. केस सुटलेले, कपाळ मोकळं, अंगावर घरातली चुरगळलेली साडी, पायात चपला नाहीत. माझ्याजवळ बसल्या.

"कसं वाटतंय, वहिनी?"

"छान वाटतंय," मी म्हटलं. "सोन्यासारखं झालं. लेक सुखी तर आपण सुखी."

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. "हे कुणाचं?"

मग जे आलं ते आलं. मी म्हटलं, "मला भीती वाटते, अक्का. व्हिसा नाही मिळाला तर काय, म्हणून भीत होते, आता मिळाला म्हणून भीती वाटते. तिकडे एकटी असताना घाबरली तर ती कुणाचा हात धरेल? मूठ डब्यात परत सोडली ना मी, तेव्हापासून भीती वाटते." आणि मी भर दुपारी ओट्यावर बसून गल्लीला ऐकू जाईल अशी रडले.

अक्कांनी समजूत घातली नाही. सगळं ठीक होईल असं म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "हां." आणि बसून राहिल्या. मी थांबेपर्यंत बसल्या. मग गुडघ्यांवर हात टेकून उठल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटेच भाचा येऊन होळीसाठी त्यांना गावी घेऊन गेला, मला कळलंही नाही. तिथंच त्या झोपेत गेल्या. त्या दुपारनंतर मला काही त्या दिसल्या नाहीत.

ती दुपार मात्र दिसते. अक्का माझ्या ओट्यावरून उतरून रस्ता ओलांडून निघाल्या आहेत आणि मी मान वर करून बघते, तर समोर त्यांचं दार सताड उघडं आहे. कुलूप कडीला लोंबकळतंय, किल्ली त्यातच, आतला पंखासुद्धा रस्त्यावरून दिसतोय. त्या घाई न करता गेल्या, उंबरा ओलांडून आत गेल्या. आता कडीचा आवाज येईल म्हणून मी ऐकत बसले. बराच वेळ बसले. आवाज आला नाही.